दूध, मीठ आणि तिसरा जिन्नस

रविवारी दुपारी जडावकाकींनी त्या जाड शेवया दुसऱ्यांदा मागून घेतल्या आणि गिताबाई पांढरेचं काळीज सुपाएवढं झालं. बहात्तर वर्षांच्या जडावकाकी. परक्या घरचं पाणीही न पिणाऱ्या. कांदा-लसूण तर सोडाच, बटाटाही ज्यांच्या ताटात चालत नाही अशा जैन घरातल्या. त्या आज रांजणगावच्या एमआयडीसीत, कंपनीच्या गेस्ट हाउसच्या टेबलाशी बसून एका इटालियन माणसाच्या गावचं जेवण जेवत होत्या. का, तर ते गिताबाईनं रांधलं होतं म्हणून.

"गिता, वर हे काय खिसून घातलंयस? खोबरं नाही ना?"

"चीज हाय काकी. रेंजोसाहेबांच्या गावाकडचं. दुधाचं असतंय."

"चव निराळीच आहे. वाढ अजून थोडं."

समोर बसलेल्या रेंजोसाहेबाला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण दुसऱ्यांदा पुढं झालेलं ताट कुठल्याही मुलखात कळतं. तो एवढा खूश झाला, की फ्रिजमधून त्याच चीजचा दुसरा, न फोडलेला तुकडा काढून त्यानं जडावकाकींच्या मुलाच्या, दुगडसाहेबांच्या हातात दिला. घरी न्या, म्हणाला. मशिनं बसवायला आलेला हा माणूस चार महिने गिताबाईच्या हातचं जेवला होता आणि आता गुरुवारी परत जाणार होता.

ही गोष्ट दोन हजार चार सालची. गिताबाई ढोकसांगवीची. घराणं मेंढपाळाचं. सासऱ्यानं मेंढरं विकून जमीन कसायला घेतली, त्यालाही वीस वर्षं झालेली. घरात मटण व्हायचं, देवाला बोकड पडायचा, त्यात तिला वावगं काही वाटत नसे. पण शिरूरला, घोडनदीच्या पेठेत, दुगडांच्या स्वयंपाकघरात ती अकरा वर्षं कामाला होती. तिथं पाणी गाळून घ्यायचं, पीठ निवडायचं, दिवस मावळायच्या आत चूल आवरायची, हे सगळं जडावकाकींनी तिला शिकवलं. सुरुवातीला ती हसायची. मग हसणं थांबलं आणि हाताला वळण लागलं. पुढं दुगडसाहेब कंपनीत खरेदीचे मॅनेजर झाले, तेव्हा गेस्ट हाउसला स्वयंपाकीण म्हणून त्यांनी तिलाच लावलं. तिचा नवरा हनुमंत, त्यालाही तिथंच कंत्राटी काम मिळालं. तिथल्या ओट्यावर गिताबाईनं भांड्यांचे दोन वेगळे संच ठेवले होते. मटणाचा चमचा चुकून वरणात गेला तर अख्खं पातेलं ओतून देणारी बाई होती ती.

या जेवणाच्या वेळीही तिनं कमी काळजी घेतली नव्हती. शेवयांचं पाकीट बघून पहिला प्रश्न विचारला तो अंड्याचा. कोंबडीसारखे हात फडफडवून, बोटांनी अंडं दाखवून. रेंजो पोट धरून हसला. "नो एग, नो एग." लसूण सोलायला बसला तेव्हा त्याच्या हातातून तिनं लसूण काढून घेतला. राहता राहिला तो चीजचा तुकडा. पिवळट, दगडासारखा टणक, विळीवर घेतला तर विळी मागं सरेल असा. बेकरीत मिळणाऱ्या डब्यातल्या मऊ चीजशी त्याचं काही नातं दिसत नव्हतं. आणि वास असा, की नाकाला ओळखीचा वाटावा, पण कुठला ते आठवू नये.

चीजच्या वेष्टनाचा कागद तिनं घरी नेऊन हर्षदाला वाचायला लावला होता. हर्षदा तिची लेक, शिरूरच्या कॉलेजात अकरावी सायन्सला. आतल्या जिनसांचे तीनच शब्द होते. हर्षदानं इंग्रजीसारखे वाचले, "लाट्टे, सेल, कॅग्लिओ." दुसऱ्या दिवशी मायलेकींनी रेंजोसाहेबालाच विचारलं. पहिला शब्द मिल्क. दुसरा सॉल्ट. तिसऱ्याला त्यालाही इंग्रजी सापडेना. त्यानं गुडघ्याच्या वर हात धरून काहीतरी लहानसं दाखवलं, मग आपल्या पोटावर हात फिरवला, दोन्ही मुठी आवळून घट्ट झाल्याची खूण केली आणि हसला.

"लहान लेकरांच्या पोटाला चांगलं म्हन्तोय बग," गिताबाई म्हणाली. "पोट घट्ट ऱ्हातंय."

हर्षदाला तेच पटलं. गुटीची काही तरी मुळी असेल, अशी दोघींनी समजूत करून घेतली.

सोमवारी संध्याकाळी गिताबाई उरलेली चीजची साल घरी घेऊन आली. तिला चार बोटं खाण्याजोगा भाग होता. सासरे मल्हारी ओट्यावर बसले होते. पंच्याहत्तरी उलटलेली, दात निम्मे गेलेले, पण नाक अजून तरण्या मेंढपाळाचं. वाऱ्यावर लांडग्याचा वास येतो म्हणून सांगणारा माणूस.

"मामा, हे बगा. इटलीचं चीज."

मल्हारींनी तुकडा हातात घेतला, नाकाशी नेला आणि तिथंच थांबले.

"ह्ये कशाचं म्हनलीस?"

"दुधाचं."

"दुधाचं हाय, पन बाहेरच्या दुधाचं न्हाई. पोटातल्या दुधाचं हाय."

"म्हंजी?"

"अगं, आमी कोकनात मेंढरं घिऊन जायचो तवा पिलं मरायची. थंडीनं म्हन, सापानं म्हन. आत्ताच आईला प्यालेलं कोकरू मेलं आन् त्याचं पोट फाडलं, की आत दूध न्हाई निघत. गठळा निघतो. पांढरा, घट्ट. त्या कवळ्या पोटातच काय तरी असतंय, त्यानं दूध धरतंय. त्येचा वास ह्यो असाच." त्यांनी तुकडा पुन्हा हुंगला. "खारवलाय, जुना केलाय. पन त्योच."

गिताबाईच्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो तिनं खाली ठेवला. डोळ्यांपुढं रेंजोसाहेबाचा गुडघ्यापाशी धरलेला हात उभा राहिला. ती उंची माणसाच्या लेकराची नव्हतीच. मग पोटावर फिरवलेला हात. मग आवळलेल्या मुठी.

"मामा, तुमी उगंच कायतरी बोलताय."

"मी कशाला उगंच बोलू? मला काय ते खायाचं न्हाई."

त्या रात्री भाकऱ्या थापताना तिच्या दोन भाकऱ्या करपल्या. तिनं कुणाला काही सांगितलं नाही. फक्त सकाळी बसला जाणाऱ्या हर्षदाला सासऱ्याचं बोलणं सांगितलं आणि म्हणाली, "तुज्या जीवशास्त्राच्या बाईंना इचार. चीज करताना दुधात काय घालत्यात ते. आन् कशाला पायजे ते सांगू नगंस."

दिवसभर ती त्या उत्तराची वाट बघत होती आणि ते येऊच नये असंही तिला वाटत होतं. म्हातारा माणूस, वासावरून काय सांगणार, असं ती मनाला बजावी. मग गेस्ट हाउसच्या ओट्यावरची किसणी दिसे. त्या किसणीवर तिनंच तो तुकडा खिसला होता, हाताला कळ येईपर्यंत. किसणी तिनं राखेनं घासली, मग गरम पाण्यानं, मग पुन्हा राखेनं.

संध्याकाळी हर्षदा घरात आली ती दप्तर न ठेवताच बोलली.

"आई, आबा म्हणतात ते खरंय. साधना मॅडमनी सांगितलं. वासराच्या पोटात एक रस असतो, त्याला रेनेट म्हणतात. दूध पिणाऱ्या वासराला मारून ते काढतात आणि दुधात घालतात, मग दूध गोठतं. सगळ्या चीजमध्ये नसतं. आता दुसऱ्या रीतीनंही करतात. आपल्याकडच्या डब्यावर हिरवा ठिपका असला की चालतं. पण बाहेरच्या देशातलं जुन्या पद्धतीचं असेल तर ते विचारूनच घ्यावं लागतं म्हणाल्या."

"वासरू?" गिताबाई म्हणाली. "कोकरू न्हवं? वासरू?"

"वासरू. गाईचं."

गिताबाई मोरीत गेली. तिनंही रविवारी खाल्लं होतं, पातेलं निपटून, भाकरीबरोबर. चूळ भरली, पुन्हा भरली. दोन दिवसांमागं पोटात गेलेलं चूळ भरून कुठं निघतं? तरी तिनं तिसऱ्यांदा चूळ भरली. स्वतःचं एक वेळ ती विसरली असती. पण जडावकाकी मुंगी चिरडू नये म्हणून अंगण झाडून मग पाऊल टाकतात. आणि त्यांना तिनं वाढलं. दोनदा वाढलं.

बुधवारी सकाळी कॉलेजला जायच्या आधी हर्षदाला ती गेस्ट हाउसवर घेऊन गेली. रेंजोसाहेब सामान भरत होता. हर्षदानं वहीच्या कागदावर वासरू काढलं, पोटापाशी गोल केला आणि चीजच्या कागदावरच्या तिसऱ्या शब्दावर बोट ठेवलं.

"येस!" तो आनंदानं म्हणाला. "येस, येस. बेबी काऊ. आय टोल्ड यू!"

मग त्यानं गिताबाईच्या तोंडाकडं पाहिलं आणि त्याचं हसू विरलं. हर्षदानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत जडावकाकींचं सांगितलं. तो पलंगावर बसला. आमच्याकडं याला कुणी मांस म्हणत नाही, माझी आई शुक्रवारी मांस खात नाही पण हे खाते, असं काहीबाही तो सांगत राहिला. शेवटी म्हणाला, मिस्टर दुगडना मी आजच सांगतो.

"त्येला म्हनावं नगो," गिताबाई लेकीला म्हणाली. "मी वाढलं. मीच सांगनार."

म्हणताना ती ताठ होती. 

त्याच दुपारी दुगडसाहेब फाटकातून आत न येता गाडीतूनच बोलले. "गिताबाई, शनिवारी घरी या. नगरहून मावशी येतेय आमची. आईनं तिला ते इटलीचं शेवयांचं जेवण करून घालायचं ठरवलंय. साहेबानं दिलेलं चीज घरात आहेच, शेवया मी रांजणगावातनं आणतो."

"व्हय साहेब," एवढंच ती बोलली.  जडावकाकींची थोरली बहीण त्यांच्याहून कडक. आणि तो तुकडा काकींच्या फडताळात, त्यांच्या तुपाच्या बरणीशेजारी, येऊन बसलाही होता.

गेस्ट हाउसचा वॉचमन पोपटराव गेटावर बसून सगळं ऐकत असे. तिचं तोंड बघून त्यानं काढून घेतलंच. ऐकून म्हणाला, "येवढंच ना? शनिवारी जायाचं, तुकडा काढायचा आन् म्हनायचं, काकी ह्येला उंदरानं तोंड लावलंय. फेकून द्यायचं. रविवारचं पोटात गेलं ते गेलं. ठाऊकच न्हाई तर पाप कशाचं?"

हनुमंतनं घरी तेच सांगितलं, पण त्याच्या आवाजात भीती होती. "दुगडसाहेबाच्या मनात आलं तर दोघांचंबी काम जाईल. त्यांच्या आईला तू गाईचं वासरू खाऊ घातलंस, असं व्हनार ते. समद्या पेठंत व्हनार."

"मी मुद्दाम घातलं का?"

"लोक ते इचारत न्हाईत."

गुरुवार तसाच गेला. रेंजोसाहेब जाताना तिच्यापुढं हात जोडून उभा राहिला, तिला धड निरोपही देता आला नाही. उंदराची गोष्ट तिनं मनात घोळवून पाहिली. सोपी होती. कुणाचं काही जाणार नव्हतं. पण मग पुढं कधी काकी म्हणाल्या असत्या, गिता, त्या दिवशीचं काय छान झालं होतं गं, तर आपण कुठं बघायचं, हे तिला कळेना.

शुक्रवारी दुपारचं आवरून तिनं शिरूरची जीप धरली. जीपमध्ये कारखान्याच्या पहिल्या पाळीची पोरं हिंदीत हसत-खिदळत होती. गिताबाई कोपऱ्यात दबून पहिलं वाक्य जुळवत होती. 'काकी, येक चूक झाली.' नको. 'काकी, ते चीज...' तेही नको. बाजार समितीपाशी उतरली तेव्हा तिचे सगळे शब्द संपले होते. पेठेतून चालताना ओळखीच्या दुकानदारानं हाक मारली, ती तिला ऐकूच आली नाही.

जडावकाकी स्वयंपाकघरात पाटावर बसून मूग निवडत होत्या. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून ताट मांडलेलं होतं.

"उद्या बोलावलं होतं, आज आलीस? बस."

गिताबाई बसली नाही. उभ्या उभ्याच तिनं सांगून टाकलं. मल्हारीचं कोकरू, मॅडमचं वासरू, रेंजोसाहेबाचं 'येस, येस', सगळं. मधे कुठं थांबली असती तर पुढचं आलंच नसतं. सांगून झालं तेव्हा काकींच्या हातातले मूग हातातच होते.

 बाहेर सुनेनं लावलेला नळ वाहत होता, तो बंद झाला.

"तुला कधी कळलं?"

"संशय सोमवारी आला. पक्कं बुधवारी."

"आज शुक्रवार."

"भ्याले, काकी."

काकींनी मूग ताटात सोडले. "मला आवडलं होतं गं ते," त्या हळूच म्हणाल्या. "मागून घेतलं मी."

गिताबाईला वाटलं होतं त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या, सुनेकडून जुनं वर्तमानपत्र मागवलं आणि फडताळाकडं बोट केलं. गिताबाईनं तो तुकडा कागदात गुंडाळला. मग फडताळातल्या बरण्या खाली घेऊन फळी न् फळी पुसली. काकी दारात उभ्या राहून बघत होत्या. मधेच दुगडसाहेब कंपनीतून आले. खाली मांडलेल्या बरण्या बघून म्हणाले, "काय झालं?"

"ते चीज आपल्याला चालणारं नाही. गिता सांगायला आली."

"मग रविवारी..."

"रविवारी तिला ठाऊक नव्हतं. तू आणलेल्या पाहुण्याचं होतं ते."

साहेबांचा चेहरा उतरला. गिताबाईकडं एकदा बघून ते आत गेले. त्या नजरेत राग होता की लाज, हे तिला त्या दिवशी कळलं नाही.

काकींनी त्या संध्याकाळी ताट तसंच आत पाठवलं. "मी तेला करणार आहे," त्या सुनेला म्हणाल्या. तेला म्हणजे सलग तीन दिवसांचा उपास, फक्त उकळलेल्या पाण्यावर. सून म्हणाली, "बाई, डॉक्टरांनी नको सांगितलंय. साखर आहे तुम्हाला." काकींनी तिला पाणी उकळायला ठेवायला सांगितलं.

परतीच्या जीपमध्ये गिताबाईच्या मांडीवर तो कागदाचा पुडा होता आणि डोक्यात एकच गोष्ट. म्हातारं माणूस, तीन दिवस उपाशी, त्यात साखर. खोटं बोलले असते तर त्या आज जेवल्या असत्या. पुडा तिनं शेताच्या बांधाला, बाभळीच्या बुडाशी खड्डा करून पुरला. मल्हारी काठी टेकत बघायला आले. "कोकराचं असतं तर मी खाल्लं असतं," ते म्हणाले. "वासराचं न्हाई बा."

शेवयांचा बेत मोडलाच होता; शनिवारी ती कामाला गेली, पण तिचा कान गेस्ट हाउसच्या फोनवर होता. घंटा वाजली की हातातलं टाकून ती धावायची. एकदा गॅसवाला होता, एकदा चुकून लागलेला. रविवारी तिनं हर्षदाला पेठेतून चक्कर टाकायला लावली. हर्षदा सांगत आली की काकी पडून आहेत, बोलतात, पण सून कुणाशी धड बोलत नाही. गिताबाईनं भाकरी मोडली आणि तशीच ठेवली.  हनुमंतनं तिचं ताट उचलून झाकून ठेवलं.

मंगळवारी सकाळी पहिल्या जीपनं ती शिरूरला पोचली. काकी गादीवर उशीला टेकून बसल्या होत्या, गाल आत गेलेले. सुनेनं मुगाचं पाणी करून आणलं. वाटी गिताबाईजवळ ठेवली, तिच्या हातात दिली नाही. गिताबाईनंच ती उचलून काकींच्या हाताशी धरली. काकींनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं आणि एक घोट घेतला. घोट खाली गेला. गिताबाईला रडू आलं आणि ते आवरेना.

"रडू नकोस," काकी म्हणाल्या. "मी आहे अजून."

कामं गेली नाहीत. पेठेत कुणाला कळलंही नाही. पण सगळं पहिल्यासारखं झालं असंही नाही. जडावकाकी गेस्ट हाउसवर पुन्हा कधी जेवल्या नाहीत. गिताबाई पेठेत गेली की त्या तिला बसवून घ्यायच्या, हर्षदाच्या मार्कांची चौकशी करायच्या, पण ओट्यापाशी मात्र सूनच असायची. चार-पाच महिने असे गेले. मग एकदा सून माहेरी गेलेली असताना काकी सहज म्हणाल्या, "दुधी तू टाक आज." गिताबाईनं हिंग, जिरं, सगळं त्यांना दाखवून दाखवून घातलं. काकींनी बघितलं, नको म्हणाल्या नाहीत.

पुढं गेस्ट हाउसवर जर्मनीचे आले, कोरियाचे आले. त्यांच्या डब्याबाटल्या हर्षदानं वाचल्याशिवाय गिताबाई ओट्यावर घेईना. हर्षदानं एका वहीत परक्या भाषांतले शब्द उतरून घेतले होते आणि ती वही मिठाच्या बरणीमागं असायची. त्या वहीची गोष्ट हळूहळू लोकांना ठाऊक झाली. एकदा दुगडसाहेबांच्या नात्यातल्या एका बाईंचा फोन आला. नातवाच्या वाढदिवसाला पिझ्झा करायचा होता, पुण्याहून चीजचं पाकीट आणलं होतं.

"गिताबाई, हे आपल्याला चालतं का हो?"

"हिरवा ठिपका हाय का त्याच्यावर?"

"ठिपका दिसत नाही. वर गाईचं चित्र आहे."

 फोनची तार बोटाला गुंडाळत गिताबाई म्हणाली, "मला ठाऊक न्हाई. पाकीट फोडू नका. पोरगी चारला येती, ती मागचं समदं वाचील. आमी दोघी येतो."